आमच्या गावात बनलेला पिक्चर आमच्या गावात दाखवू द्या : नगराध्यक्ष आणि मुख्याधिकाऱ्यांना खुलं पत्र

राज्यातल्या सगळ्या नगरपरिषदा-नगरपंचायतींचे नगराध्यक्ष, मुख्याधिकारी साहेब आणि नगरसेवक-नगरसेविका,

सगळ्यांना नमस्कार. मी एका तालुक्याच्या गावात राहतो आणि लग्नाचं शूटिंग करतो, यंदा १८ वर्षं झाली. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण लिहिलं की हे पत्र म्हणजे एका ऑफिसची तक्रार होऊन बसेल आणि तिथल्या दोन-चार माणसांवर सगळं ढकललं जाईल, मला ते नकोय. ऑर्डरच्या निमित्ताने मी आजूबाजूच्या पाच-सहा तालुक्यांत फिरतो आणि जवळजवळ सगळीकडे एकच दिसतं : नगरपालिकेचं एक नाट्यगृह नाहीतर सांस्कृतिक सभागृह, बाहेर कोनशिला, आत खुर्च्या आणि गेटला कुलूप. म्हणून पत्र तुम्हा सगळ्यांनाच.

मागणी आधी सांगून टाकतो. त्या हॉलमधली आठवड्यातली एक संध्याकाळ मराठीतल्या छोट्या, स्वतंत्र सिनेमांना द्या, लाइटबिल आणि झाडलोटीच्या पैशांत द्या. एवढंच मागणं आहे. आता का मागतोय ते सांगतो, जरा लांबेल पण वाचा.

चार वर्षांपूर्वी आमच्यापासून ११ किलोमीटरवरच्या एका गावात पिक्चरचं शूटिंग आलं. मला ड्रोनसाठी फोन आला, दोन दिवसांचं काम होतं आणि मी राहिलो २३ दिवस. मला वाटलेलं व्हॅनिटी व्हॅन असेल, मोठमोठे लाइट असतील, बाउन्सर असतील. प्रत्यक्षात सगळी मिळून १४ माणसं, एक क्रूझर, एक छोटा हत्ती टेम्पो आणि राहायला झेडपी शाळेच्या दोन खोल्या, कारण उन्हाळ्याची सुट्टी होती. दिग्दर्शक मुलगा ३१ वर्षांचा, नोकरी सोडलेली, पीएफचे पैसे काढलेले, आईच्या पाटल्या गहाण, आणि उरलेलं मित्रांकडून कुणी दहा हजार कुणी पन्नास हजार असं जमवलेलं. कॅमेरा भाड्याचा, त्यामुळे रोज सकाळी उठल्यावर पहिला हिशोब हाच की कॅमेरा परत द्यायला किती दिवस राहिले. त्या १४ जणांतल्या निम्म्यांनी मानधन नंतर द्या म्हणून सांगितलेलं, आणि ते नंतर म्हणजे कधी हे त्यांनाही माहीत होतं.

आवाज तिथल्या तिथे घ्यायचा होता, म्हणजे डबिंग नाही, जे बोललं जाईल तेच शेवटी पिक्चरमध्ये राहणार. साउंड बघणारी एक मुलगी होती, साताऱ्याकडची, ती कानाला हेडफोन लावून उभी राहायची आणि हात वर केला की सगळं गाव गप्प. पिठाची गिरणी बंद, बोअरची मोटर बंद, कुणाच्या घरातला मिक्सर बंद. गिरणीवाल्या काकांनी २३ दिवस दिवसाचं दळण रात्री दळून दिलं, एक रुपया मागितला नाही. गावातल्या एक आजी पिक्चरमध्ये आजी झाल्या, आयुष्यात कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिलेल्या नव्हत्या, आधार कार्डाचा फोटो सोडला तर. भाकरी थापताना मुलाशी बोलायचं असा सीन होता, दिग्दर्शक म्हणाला आजी परत एकदा घेऊ, तर आजी म्हणाल्या थांब बाळा, ही करपली, दुसरी थापते मग बोलते. आणि दुसऱ्यांदा जे बोलल्या ते लिहिलेलं नव्हतंच, पण तेच पिक्चरमध्ये राहिलं. मी १८ वर्षं लोकांना इकडं बघा, कॅमेऱ्याकडं बघा म्हणत आलोय, आणि हा पोरगा सगळ्यांना सांगत होता कॅमेऱ्याकडे बघू नका, तुमचं काम करा. त्या २३ दिवसांत मी माझ्या धंद्याबद्दल जे शिकलो ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

पुढे दीड वर्ष एडिटिंग आणि साउंडमध्ये गेलं, मधेमधे पैसे संपायचे की काम थांबायचं. मग पिक्चर फेस्टिवलला गेला, पुण्यात दाखवला, कोलकात्यात दाखवला, परदेशात दोन ठिकाणी. पेपरात फोटो आला. आमच्याकडे मात्र तो बराच काळ आला नाही, आजपर्यंत कुठल्या थेटरात लागलेला नाही. मी त्या गावावरून गेलो की गिरणीवाले काका गाडी थांबवायचे आणि विचारायचे, आमचा पिक्चर कधी लागणार? बघा, आमचा म्हणायचे ते.

हे माझ्या एकट्याच्या ओळखीतल्या एका पोराचं रडगाणं असतं तर मी तुम्हाला पत्र लिहिलं नसतं. पण गेल्या वीसेक वर्षांत मराठी सिनेमाचं जे नाव झालं, ज्याचे सत्कार तुम्ही-आम्ही व्यासपीठावरून करतो, त्यातला मोठा भाग असाच तालुक्यांत, खेड्यांत, आपल्याच माणसांना घेऊन बनलेला आहे. २००८ चा 'टिंग्या' आठवा, जुन्नरकडचा शेतकऱ्याचा पोरगा आणि त्याचा बैल, त्यातल्या शरद गोयेकर या मुलाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'फँड्री'तला जब्या म्हणजे सोमनाथ अवघडे, त्यालाही मिळाला, आणि नागराज मंजुळेंना पहिल्या सिनेमासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार. भाऊराव कऱ्हाडेंनी 'ख्वाडा'साठी जमीन विकली हे तर सगळ्या महाराष्ट्राला माहितीये. जयंत सोमलकरांचा 'स्थळ' चंद्रपूर जिल्ह्यातल्या गावात तिथल्याच माणसांना घेऊन केलेला, मुलगी बघण्याचा कार्यक्रम किती वेळा आणि कसा होतो एवढंच दाखवतो, आणि २०२३ ला टोरांटोच्या फेस्टिवलमध्ये त्याला नेटपॅकचा, म्हणजे आशियाई सिनेमासाठीचा पुरस्कार मिळाला. आणि २०२५ च्या जानेवारीत रोहन कानवडेंच्या 'साबर बोंडं'ने अमेरिकेत सनडान्सला जागतिक सिनेमा विभागातलं सगळ्यात मोठं, ग्रँड ज्युरीचं पारितोषिक घेतलं, त्या फेस्टिवलला पोचलेला तो पहिला मराठी सिनेमा. बाप गेल्यावर दहा दिवसांसाठी गावी आलेला मुलगा, एवढी साधी सुरुवात आहे त्याची. साबर बोंडं म्हणजे काय हे मुंबई-पुण्यात समजावून सांगावं लागलं असेल, आमच्याकडे बांधावरच्या निवडुंगाची ती लाल फळं पोरं काटे घासून खातात. म्हणजे ज्यांना नाव ऐकल्याबरोबर जीभ लाल झालेली आठवते त्यांच्या गावात तो लागला नाही, आणि जगात सगळीकडे दाखवून झाला.

'स्थळ' ७ मार्च २०२५ ला रिलीज झाला तेव्हा मी, बायको, मेहुणी आणि तिच्या कॉलेजातल्या तीन मैत्रिणी असे सहा जण गाडी करून ६८ किलोमीटरवरच्या मल्टिप्लेक्सला गेलो. दिवसात एकच शो, सकाळी पावणेदहाचा. आम्ही पोचलो तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला बुकिंग कमी आहे म्हणून शो कॅन्सल केलाय. मी म्हणालो अरे आम्ही सहा जण आहोत, तिकडं अजून चार जण उभे आहेत. तो बिचारा नोकर माणूस, तो काय करणार, त्याने पाणी विचारलं. त्या मुली परीक्षा तोंडावर असताना आल्या होत्या, कारण तिघींच्याही घरी बघण्याचे कार्यक्रम सुरू झाले होते आणि त्यांना तो पिक्चर बघायचाच होता. एकीला येताना गाडीत रडू आलं. मी त्या थेटरला दोष देत नाही, धंदा आहे, रिकाम्या हॉलचं एसीचं बिल त्यांनाच भरायचंय. पण सोमवारी आकडे निघतात तेव्हा 'मराठी प्रेक्षक येत नाही' असं लिहिलं जातं आणि आम्ही सहा जण त्या आकड्यात कुठेच नसतो, हे मला अजून टोचतं.

मल्टिप्लेक्सला नियम लावून बघितलाय की सरकारने. २०१५ च्या एप्रिलमध्ये प्राइम टाइमला मराठी सिनेमा दाखवायची सक्ती केली, केवढा गदारोळ झाला, आधी संध्याकाळी ६ ते ९ म्हणाले, मग दुपारी १२ ते रात्री ९ वर आले. त्याच महिन्यात १७ तारखेला चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' लागला होता, व्हेनिसच्या फेस्टिवलला दोन पुरस्कार घेऊन आलेला, देशातला सर्वोत्तम चित्रपट म्हणून सुवर्णकमळ मिळालेला. मी तो पुण्यात बघितला, एका ऑर्डरच्या अल्बमचं काम होतं म्हणून गेलो होतो. त्यातले लोकशाहीर नारायण कांबळे झालेले वीरा साथीदार नागपूरचे, आयुष्य चळवळीत गेलेलं, विद्रोही मासिक चालवायचे. २०२१ ला कोविडमध्ये ते गेले. मी विचार करतो की ज्या वस्त्यांत त्यांनी आयुष्यभर गाणी म्हटली, भाषणं केली, तशा किती वस्त्यांतल्या माणसांनी त्यांना पडद्यावर बघितलं असेल? नियम मल्टिप्लेक्सचा आहे आणि आमच्या तालुक्यात मल्टिप्लेक्सच नाही, मग त्या १२ ते ९ चं आम्ही काय करायचं. जुनं एक थेटर होतं, तिथे आता टाइल्सचं दुकान आहे.

आता पैशांचं थोडं सांगतो, कारण 'छोटे निर्माते थेटर का घेत नाहीत' असं मला एका नगरसेवक मित्राने विचारलं होतं. थेटरात पिक्चर लावायचा तर डिजिटल प्रोजेक्शनसाठी निर्मात्याकडून स्क्रीनमागे वेगळे पैसे घेतले जातात, व्हीपीएफ म्हणतात त्याला. मग पोस्टर, ट्रेलर, पेपरातली जाहिरात, त्यात तिकिटातला टॅक्स जाऊन जे उरतं त्यातला साधारण अर्धा वाटा थेटरचा. ज्याने ४० लाखात पिक्चर केलाय त्याला रिलीजसाठी अजून तेवढेच उभे करायला लागतात, आणि ते उभे करून मिळतो काय तर मंगळवार सकाळचा शो, शुक्रवारी हिंदीतला मोठा पिक्चर आला की तोही जातो. म्हणून ही पोरं फेस्टिवल करतात आणि ओटीटीच्या दारात उभी राहतात, तिथेही आता छोट्या मराठीला घेणारे किती ते त्यांनाच विचारा.

आणि हे पैसे नुसते त्यांचे नाहीत हो. दर्जेदार मराठी सिनेमांना राज्य सरकार अनुदान देतं, अ दर्जाला ४० लाख आणि ब दर्जाला ३० लाख असं ते गणित कित्येक वर्षं चालत आलंय. निवडक सिनेमे सरकार आपल्या खर्चाने फ्रान्समध्ये कानच्या बाजारात नेतं, चांगली गोष्ट आहे, न्यायलाच पाहिजेत. म्हणजे पिक्चरला पैसे जनतेचे, तुमचं नाट्यगृह जनतेच्या पैशांचं, पिक्चरमधली माणसं त्याच जनतेतली, आणि बघायची सोय तेवढी कुणी केली नाही. हे तीन धागे तुमच्या एका ठरावाने जोडले जातात, मंत्रालयात जायचीसुद्धा गरज नाही, तुमच्या सर्वसाधारण सभेत होऊ शकतं.

नाट्यगृहांचं वास्तव मला माहितीये, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या हॉलमध्ये मी साखरपुडे आणि रिसेप्शन शूट केलेत. नाटक कंपन्या येत नाहीत कारण विंगा धड नाहीत, मेकअप रूमला पाणी नाही, भाडं आणि प्रवास परवडत नाही. मग हॉल गॅदरिंगला, पक्षाच्या मेळाव्याला, लग्नाला जातो आणि वर्षातले निदान अडीचशे दिवस बंद राहतो. बंद राहिला की कबुतरं येतात, उंदीर खुर्च्यांचा फोम खातात, मग दुरुस्तीचं टेंडर निघतं. हॉल वापरला तरच टिकतो हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. आणि सिनेमाला नाटकाएवढं काही लागतही नाही. विंगा नको, मेकअप रूम नको. पांढरा पडदा, खिडक्यांना जाड काळं कापड, चांगला प्रोजेक्टर, चार बरे स्पीकर आणि चालू असलेलं बाथरूम, विशेषतः बायकांचं. बाथरूमचं मुद्दाम लिहिलं, कारण आमच्याकडे बायका संध्याकाळच्या कार्यक्रमाला का येत नाहीत याचं अर्धं उत्तर तिथे आहे.

मी अर्ज केला होता. त्या मुलाचा पिक्चर एक दिवस आमच्या सभागृहात दाखवायचा, तिकीट ५० रुपये, जमलेलं सगळं त्याला द्यायचं. आवक-जावकला अर्ज दिला, शिक्का घेतला. मग बांधकाम विभाग म्हणाला हे आमच्याकडे येत नाही, कर विभागाकडे बघा. तिथे सांगितलं व्यावसायिक दर लागेल, कारण तिकीट आहे, एका दिवसाचं भाडं १८ हजार आणि डिपॉझिट वेगळं, म्हणजे लग्नाचाच दर. मी विचारलं सांस्कृतिक कार्यक्रमाचा दर आहे ना पाटीवर लिहिलेला, तर म्हणाले त्यात नाटक आहे, गायन आहे, व्याख्यान आहे, सिनेमा लिहिलेला नाही. ते ज्यांनी सांगितलं ते गृहस्थ वाईट नव्हते, त्यांनी मला पाटी नेऊन दाखवली, खरंच लिहिलेलं नव्हतं. पाच महिने मी हेलपाटे घातले आणि अडलो तो त्या एका शब्दावर. म्हणून पहिलं काम सांगतो : दरपत्रकात 'नाटक, गायन, व्याख्यान' याच्यापुढे 'मराठी चित्रपट' असे दोन शब्द वाढवा.

परवानग्यांबद्दल गैरसमज नको. सिनेमाच्या जाहीर खेळाला जिल्हाधिकारी ऑफिसची परवानगी लागते, सेन्सॉरचं सर्टिफिकेट लागतं, फायरचं बघावं लागतं, आणि ते सगळं बरोबरच आहे, हॉलमध्ये तीनशे माणसं बसणार असतील तर आगीचं बघायलाच पाहिजे. पण ही कामं एकट्या दिग्दर्शकाने प्रत्येक गावात वेगवेगळी करायची म्हटलं तर त्याचा पुढचा पिक्चर कधी होणार? हॉल तुमचा आहे, तर हॉलच्या परवानग्या तुम्ही एकदाच करून ठेवा आणि येणाऱ्याकडून फक्त सर्टिफिकेट आणि हक्काचं पत्र घ्या.

शेवटी आम्ही तो पिक्चर जिथे बनला त्या गावातच दाखवला, त्याच झेडपी शाळेच्या पटांगणात, रीतसर परवानगी काढून. प्रोजेक्टर माझा होता, रिसेप्शनला लावतो तोच. पडदा मंडपवाल्याने शिवून दिला, साउंड एका डीजेवाल्या मित्राचा, त्याला आधीच सांगून ठेवलं होतं की बास कमी ठेव, यात कुजबुज ऐकू यायला पाहिजे. साडेसातला लावायचा होता, उन्हाळ्याचे दिवस, अंधारच पडेना, पावणेआठला सुरू केला. साधारण चारशे माणसं असतील. पहिली दहा मिनिटं नुसता गलका, अरे तो बघ, अरे ती आपली म्हैस, मी दिग्दर्शकाकडे बघितलं तर तो भिंतीला टेकून खाली मान घालून उभा होता, त्याला वाटलं गेलं सगळं. मग हळूहळू आवाज कमी होत गेला. आजींचा भाकरीचा सीन आला तेव्हा पटांगणात कुणी बोलत नव्हतं. आजी पहिल्या रांगेत खुर्चीवर बसलेल्या, स्वतःचाच आवाज ऐकत होत्या, आणि सीन संपल्यावर शेजारणीला म्हणाल्या, मी अशीच बोलते का गं? शेजारीण म्हणाली हो, अशीच बोलता. संपल्यावर दीड तास लोक उठले नाहीत. एका माणसाने दिग्दर्शकाला विचारलं की शेवटी मुलगा परत का जातो, त्याने थांबायला पाहिजे होतं, आणि त्यावर दोन गट पडले, अक्षरशः वाद, रात्री अकरापर्यंत. तो मुलगा नंतर मला म्हणाला दादा, परदेशात माझ्यासमोर टाळ्या वाजल्या पण असं कुणी भांडलं नाही माझ्याशी. डब्यात ९,३४० रुपये जमले. गिरणीवाल्या काकांनी ५०० टाकले, मी बघितलं.

तेव्हा लोक येणार नाहीत, आमच्याकडच्या लोकांना असले पिक्चर कळत नाहीत, असं मला कुणी सांगू नका. आमच्या वडिलांच्या पिढीने जत्रेत तंबूतल्या टूरिंग टॉकीजमध्ये वाळूवर बसून पिक्चर बघितलेत. १९७६ च्या 'मंथन'ला गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन दोन रुपये दिले होते, ती पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची आणि त्यात आपली स्मिता पाटील, आणि शेतकरी ट्रक भरभरून तो बघायला गेले. केरळात दिग्दर्शक जॉन अब्राहम (हिंदीतला हिरो नव्हे) आणि त्यांच्या ओडेसा ग्रुपने ८० च्या दशकात गावोगाव पिक्चर दाखवून, लोकांसमोर झोळी धरून पैसे जमवले आणि त्यातून 'अम्मा अरियान' केला. २००४ ला 'श्वास' ऑस्करला पाठवायचा तर आपल्याच महाराष्ट्रात लोकांनी वर्गणी काढली होती. लोक पैसेही देतात आणि येतातही, त्यांना जायला जागा पाहिजे.

केरळचं अजून एक सांगतो, कारण ते सरकारचं काम आहे. तिथे सरकारी महामंडळाची स्वतःची थेटरं आहेत, तिरुवनंतपुरमला कैरली, श्री, निळा, तिथे लोक रांगा लावून सिनेमा बघतात. २०२४ च्या मार्चमध्ये त्यांनी सरकारचा स्वतःचा ओटीटी काढला, सीस्पेस, ७५ रुपये भरा आणि एक पिक्चर बघा. आपल्याला नवं थेटर बांधायचंसुद्धा नाही. आपल्याकडे हॉल उभे आहेत.

काही जण म्हणतील मोबाईलवर बघा की. मी मोबाईलवर बघतो, नाही म्हणत नाही. पण माझ्या मेहुणीच्या मैत्रिणी 'स्थळ' मोबाईलवर बघतील तर एकट्या बघतील, कानात हेडफोन घालून, दार लावून. तोच पिक्चर त्यांच्या वडिलांनी आणि चुलत्यांनी त्यांच्याच शेजारी बसून हॉलमध्ये बघितला तर घरी जाताना गाडीत काय बोलणं होईल याचा विचार करा. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांनी आयुष्यभर असे पिक्चर केले की बघून झाल्यावर माणसाला शेजारच्याशी बोलावंसं वाटतं, 'देवराई' घ्या, 'अस्तु' घ्या, 'कासव' घ्या. भावे मुळात समाजशास्त्राच्या, कर्वे समाज सेवा संस्थेत शिकवायच्या, बायकांचं जगणं सांगायला म्हणून १९८५ ला 'बाई' नावाची छोटी फिल्म केली आणि तिथून पुढे सिनेमात आल्या. 'कासव'ला २०१७ ला सुवर्णकमळ मिळालं. डिप्रेशनवरचा सिनेमा आहे. आमच्या तालुक्यात गेल्या दोन वर्षांत मला माहीत असलेल्या तीन तरुण पोरांनी जीव दिला, त्यातल्या एकाच्या बहिणीच्या लग्नाचं शूटिंग मी केलं होतं, त्या व्हिडिओत तो नाचतोय. अशा गावात 'कासव' सरकारी हॉलमध्ये एक संध्याकाळ दाखवावा आणि नंतर ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांना अर्धा तास बोलायला बोलवावं, हे मागणं जास्त आहे का?

हॉल फुकट मात्र देऊ नका आणि खेळही फुकट ठेवू नका. ५० रुपये तिकीट ठेवा, विद्यार्थ्यांना ३०. फुकट ठेवलं की लोक मधे उठून जातात आणि बनवणाऱ्याच्या हातात परत शून्य येतं. जमलेल्यातून लाइटबिल आणि सफाईचे पैसे नगरपालिकेने घ्यावेत, उरलेले सगळे पिक्चरवाल्याला, त्याच रात्री, पावतीवर सही घेऊन. एक वर्ष झाल्यावर किती खेळ झाले आणि किती माणसं आली ते नोटीस बोर्डावर लावा. उद्घाटनं, हारतुरे, दीपप्रज्वलन दर आठवड्याला नको, पिक्चर वेळेवर सुरू व्हायला हवा. दिग्दर्शक येणार असेल तर त्याच्या एसटीचं तिकीट आणि रात्रीची जेवणाची सोय गाव करेल, ते तुम्ही आमच्यावर सोडा. आणि एखाद्या आठवड्यात ३० माणसं आली तर लगेच बंद करू नका, सवय लागायला वेळ द्या, वाचनालयात रोज किती जण येतात ते मोजून आपण वाचनालय बंद करत नाही.

तुमच्यातल्या कुणी आधीच असं काही सुरू केलं असेल तर मला माफ करा आणि बाकीच्यांना बोलावून दाखवा. ज्यांनी नाही केलं त्यांनी येत्या सर्वसाधारण सभेत विषय घ्या. ठरावाचा मसुदा मी मित्राकडून टाइप करून ठेवलाय, सव्वा पान आहे, फक्त गावाचं नाव भरायचं.

माझ्या गावच्या साहेबांनाही हे पत्र मिळेल. साहेब, माझा अर्ज आवकमध्ये पडलेला आहे, मी तो परत लिहून सोमवारी घेऊन येतोय. वार गुरुवार चालेल, त्या दिवशी आमच्याकडे बाजार असतो, खेड्यातली माणसं गावात आलेली असतात आणि शेवटची एसटी साडेनऊला आहे, म्हणजे सहाला लावला तर सगळ्यांना घरी जाता येईल. प्रोजेक्टर माझा, पडदा मंडपवाल्याकडे घडी घालून ठेवलेला आहे.

आपला,
तालुक्यातला एक लग्नाचं शूटिंग करणारा